चाळीस रुपयांचा हवेचा झाडू

एका रविवारी दुपारी मी घरातला केर काढायला घेतला आणि केराबरोबर घरातली जमीनही काढली.

खरं तर ही गोष्ट ऐकायचा मला आता कंटाळा आला आहे. गेली कित्येक वर्षं मी ती लग्नात, मुंजीत, बारशात, एकदा तर तेराव्यालासुद्धा ऐकत आलो आहे, आणि दर वेळी तिच्यातली माझी अक्कल थोडी थोडी कमी होत जाते. परवा एका भाच्याने तर सांगितलं की मामाने खोलीत विहीर खणली! अरे, विहीर कसली? चार बोटं खोल खड्डा होता. म्हणून म्हटलं, काय झालं ते एकदाचं आपणच लिहून टाकावं आणि मोकळं व्हावं.

लढाई संपली होती आणि गोऱ्या पलटणी नगरचा कॅम्प रिकामा करत होत्या, तेव्हाची ही हकिगत. मी माळीवाड्यात राहत होतो आणि एका हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो. घर वडिलांनी बांधलेलं. दोन खोल्या, पुढे पडवी, वर पत्रे आणि खाली शेणाने सारवलेली जमीन. विजेचा दिवा एकच, तोही मधल्या खोलीत बरोबर मध्यभागी टांगलेला. (त्या एका दिव्यामुळे आळीतले लोक मला ‘सुधारक’ म्हणत. ते मी मनावर घेतलं, तिथेच सगळं बिनसलं!)

माझ्या बायकोला, इंदूला, दमा होता. नगरची धूळ म्हणजे काय चीज आहे हे नगरकरालाच ठाऊक. उन्हाळ्यात वारा सुटला की ताटातल्या भाकरीवरही ती बसते. केर काढता काढता इंदूला उबळ यायची, ती भिंतीला टेकून बसायची आणि तिच्या छातीतून शिटीसारखा आवाज यायला लागायचा. तो आवाज ऐकला की मी हातातलं टाकून तिच्याजवळ धावायचो. करता तर काही यायचं नाही. नुसता पाठीवरून हात फिरवत बसायचो.

शेवटी एकदा डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पुड्या दिल्या आणि म्हणाले, “मास्तर, घरात धूळ उडता कामा नये. जमल्यास खाली फरशी घाला. आणि आजपासून यांच्या हातात केरसुणी द्यायची नाही.”

“मग केर कोण काढणार?” मी विचारलं.

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

फरशीचं इंदूच्या मनात आधीपासूनच होतं. निदान मधल्या खोलीत तरी शहाबादी घालायची म्हणून तिने दोन वर्षं पैपै करून एका डब्यात चाळीस रुपये साठवले होते. अजून थोडे कमी पडत होते. सखूबाई आठ दिवसांनी येऊन सारवून जायची, पण रोजच्या केराला बाई ठेवण्याची आमची ऐपत नव्हती. म्हणजे राहिलो कोण? मी!

आता आजच्या मुलांना हे सांगून पटायचं नाही, पण त्या काळी पुरुषाने केरसुणी हातात धरणं म्हणजे अब्रू वेशीला टांगणं. मी दारं-खिडक्या लावून केर काढायला लागलो. दारं लावली की धूळ बाहेर जात नाही, आतच घिरट्या घालते. इंदू स्वयंपाकघरात खोकायची, मी मधल्या खोलीत खोकायचो, आणि शेजारच्या राधाक्का भिंतीपलीकडून ओरडायच्या, “मास्तर, दोगांलाबी लागन झाली व्हय?”

एके दिवशी सकाळी आमचे हेडमास्तर अचानक दारात! कडी नीट लागली नव्हती, ते सरळ आत आले. मी केरसुणी पाठीमागे धरली आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. गृहस्थ वार्षिक परीक्षेबद्दल बोलायला आले होते. दहा मिनिटं बोलले. मी हललो नाही. “बसा ना,” मी म्हणालो. “तुम्हीही बसा,” ते म्हणाले. “नको, मला उभ्यानेच बरं वाटतं!” जाताना त्यांनी इंदूला हळूच विचारलं, की मास्तरांच्या कंबरेला काही झालं आहे का.

त्या दिवशी मी निश्चय केला. एका इंग्रजी मासिकात मी व्हॅक्यूम क्लीनरचं चित्र पाहिलं होतं. चित्रात एक मडम ऐटीत उभी होती आणि यंत्र आपलं धूळ ओढत होतं. मला पटलं. पुरुषाने केर काढणं वेगळं आणि पुरुषाने यंत्र चालवणं वेगळं! आगगाडी चालवणाऱ्याला कोणी हसतं का?

“अहो, पण ते पैसे फरशीचे आहेत ना?” इंदू म्हणाली.

“फरशी घातली म्हणजे धूळ तिच्यावर बसणार. बसणारच ना? हे यंत्र धूळच नाहीशी करतं. आत पोकळी तयार होते, बाहेरची हवा आत धाव घेते, आणि तिच्याबरोबर धूळ! शास्त्र आहे हे.”

“मग आपल्या घरात चालेल का, ते शास्त्राला विचारा की एकदा.”

“अगं, मीच तर शास्त्र शिकवतो!”

इंदूने डबा आणून माझ्यासमोर ठेवला. तिला पटलं होतं अशातला भाग नाही. मला केरसुणी लपवताना बघून बघून ती बिचारी थकली होती.

कॅम्पाशेजारी भिंगारला बशीरभाईंचं जुन्या सामानाचं दुकान होतं. साहेबलोक विलायतेला जाताना बंगल्यातलं सामान लिलावात काढत, ते बशीरभाई उचलत. दुकान कसलं, एक लांबलचक पत्र्याची शेड होती. तिच्यात खुर्च्या, आंघोळीचे टब, खोगिरं, मच्छरदाण्या, एक भुसा भरलेलं हरणाचं डोकं. बसायला जागाच नव्हती. दाराशी दगडांची एक थप्पी होती. ती उन्हाने तापली होती म्हणून मी वर रुमाल टाकला आणि बसलो.

“हवेचा झाडू? हाय ना!” बशीरभाई म्हणाले. “एक न्हाई, तीन हायत. बगा निवांत.”

मी खरोखरच निवांत पाहिलं. तास-दीड तास पाहिलं. पहिली एक चपटी पेटी होती, खाली ब्रश, वर दांडा. “ह्याला वीज नको, काय नको. ढकलायचं, कचरा पोटात. पंधराला देतो,” बशीरभाई म्हणाले. मी ती ढकलून पाहिली. चांगली चालत होती. पण लांबून पाहणाऱ्याला तो सरळ सरळ झाडूच वाटला असता! मी ती नापसंत केली. दुसरं एक लांबट नळकांडं होतं, त्याला सोंडेसारखी नळी. त्याची किंमत ऐकून मी ते हात न लावता परत जागेवर ठेवायला सांगितलं.

तिसरं मात्र पाहताक्षणी मनात भरलं. उभं, रुबाबदार, पुढच्या बाजूला चक्क एक दिवा! आगगाडीच्या इंजिनालाच असतो तसा. दांड्याला धूळ साठवायची कापडी पिशवी होती, म्हणजे पूर्वी होती. आता तिचा काठ तेवढा शिल्लक होता.

“पिशवी उंदरांनी खाल्ली,” बशीरभाई म्हणाले. “म्हनून तर चाळीसला देतो, न्हाईतर साठाच्या खाली सोडला नसता. पिशवी शिवून घ्या. पण कापड जाड घ्या बरं का, मास्तर. दुहेरी मांजरपाट.”

“घेऊ, घेऊ.”

“अन् एक विचारू? घरात गालिचा हाय ना?”

“का?”

“हे मेमसाबचं यंत्र हाय. गालिच्यावर चालवायचं. खाली ब्रश गरागरा फिरतोय, बडवतोय. गालिचा नसंल तर निदान फरशी तरी पायजे.”

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती आणि दोघंही माझ्याकडे बघत होती. एकाने तर टायसुद्धा लावला होता. मी थप्पीवरून उठलो, छाती पुढे काढली आणि म्हणालो, “आहे की! गालिचा आहे, फरशी आहे, सगळं आहे!”

(घरात एक सतरंजी होती. ती ट्रंकेखाली असे आणि दाखवण्यासारखी नसे.)

यंत्र टांग्यातून घरी आलं तेव्हा निम्मी आळी गोळा झाली. राधाक्का पदर खोचून पुढे आल्या. त्या शेवगावकडच्या. आवाज असा, की इथे बोलल्या तर भिंगारला ऐकू जावं.

“मास्तर, ह्ये काय आनलंय? पिठाची गिरनी हाय व्हय?”

“केर काढायचं यंत्र आहे, राधाक्का. विजेवर चालतं.”

“मंग ह्ये केर काढनार, अन् तुमी काय करनार?”

मी घाईघाईने यंत्र उचलून आत नेलं.

आता पिशवी. डबा रिकामा झाला होता, आणि कापड रेशनवर. दुहेरी मांजरपाट आणायचा कुठून? मी माझं एक जुनं धोतर काढून इंदूला दिलं. तिने ते उजेडात धरलं. पलीकडचं सगळं दिसत होतं. “अहो, यातून धूळ नाही का बाहेर येणार?” ती म्हणाली. “धूळ आत ओढली जाते,” मी म्हणालो, “बाहेर येण्याचा प्रश्नच नाही.” शास्त्राच्या मास्तराने हे बोलावं! पण बोललो. इंदूने निमूटपणे पिशवी शिवून दिली.

रविवारी जेवणं झाल्यावर मी तिला राधाक्कांच्या ओट्यावर नेऊन बसवलं. “अर्ध्या तासात हाक मारतो. आत येशील तेव्हा धुळीचा कण दिसणार नाही,” असं वचनही दिलं. मग घरात येऊन दिव्याचा बल्ब काढला, त्या जागी यंत्राची वायर बसवली. वायर आखूड होती. तिच्या टप्प्यात यंत्राला फक्त दिव्याभोवती गोल गोल फिरता येत होतं. तरी म्हटलं, मधोमध तर स्वच्छ होईल! दाराजवळचं बटण दाबलं.

काय तो आवाज! भांड्यांची फळी थरथरायला लागली. पिशवी हलली, वर उठली आणि टम्म फुगली. त्या धोतरात मी स्वतः इतका भरदार कधीच दिसलो नव्हतो. मी दांडा धरला आणि घाण्याच्या बैलासारखा दिव्याभोवती फिरायला लागलो.

पहिल्या फेऱ्याला केर गेला. दुसऱ्या फेऱ्याला खालच्या ब्रशाने सारवणाचे पोपडे उचलले. तिसऱ्या फेऱ्याला पोपड्यांखालची माती निघाली. आणि मी? मी थक्क झालो. इतकी घाण आपल्या घरात होती! जितकं ओढावं तितकी निघतेच आहे! वाटलं, बिचारी इंदू, इतकी वर्षं हिने या एवढ्या धुळीत श्वास घेतला आणि आपल्याला पत्ता नाही! आता एक कण म्हणून शिल्लक ठेवायचा नाही, असं म्हणून मी दांड्यावर जोर दिला. अहो, मातीच्या जमिनीतली माती संपायची कधी? पण हे त्या वेळी सुचलं असतं तर मग काय!

यंत्र पुढून जमीन खात होतं आणि मागून धोतरातून गाळून माझ्या अंगावर सोडत होतं. पाचव्या फेऱ्याला भिंती दिसेनाशा झाल्या. सहाव्याला मला माझे हात दिसेनात. पुढचा दिवा तेवढा पिवळा पिवळा दिसत होता. मग फट्कन आवाज झाला आणि धोतराने राम म्हटला. पिशवीतली होती नव्हती ती सगळी माती एकदम खोलीभर झाली. बटण दाराजवळ होतं. दार कुठे होतं ते कळेना! मी डोळे मिटून भिंत चाचपायला लागलो, तर हाताला देव्हारा लागला. यंत्र मोकळं सुटून स्वतःभोवती फिरत होतं आणि दर फेऱ्याला माझ्या घोट्यावर आदळत होतं.

बाहेर खिडकीतून धुळीचा लोट निघालेला राधाक्कांनी पाहिला. “आगं बया! मास्तराचं घर पेटलं! पानी आना रं, पानी!”

मी आतून ओरडलो, “पाणी नको! पाणी नको!” पण तोंडात माती असल्यामुळे बाहेर नुसतं “पाणी, पाणी” ऐकू गेलं म्हणे.

तेवढ्यात यंत्र थांबलं. कोणीतरी बटण दाबलं होतं. ते बटण डोळे मिटूनही शोधून काढणारं घरात एकच माणूस होतं. मी “इंदू!” म्हणून आवाज दिला, आणि त्याच क्षणी राधाक्कांची पहिली घागर माझ्या तोंडावर आली. दुसरी छातीवर. नशीब, यंत्राच्या वाट्याला काही आलं नाही. तिसरी घेऊन त्या आत आल्या तेव्हा मी चिखलाने माखून उभा होतो आणि इंदू उंबऱ्यात पदर नाकाशी धरून खाली बसली होती.

तिला उचलून ओट्यावर नेलं. छातीतली ती शिटी सुरू झाली होती. पुडी दिली, गरम पाणी दिलं, राधाक्का वारा घालत होत्या. त्यांचा आवाज तेवढा वेळ बंद होता, यावरूनच काय ते समजा. मी तसाच चिखलात पाठीवरून हात फिरवत बसलो. मला लाज वाटली. आळीची नव्हे, आळी गेली खड्ड्यात! एक केरसुणी चारचौघांत हातात धरायला नको, म्हणून मी हिच्या श्वासाशी खेळलो, हे मला त्या ओट्यावर पुरतं कळलं. बऱ्याच वेळाने तिचा श्वास सावरला. तिने डोळे उघडले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं,

“झालं का स्वच्छ?”

दुसऱ्या दिवशी शाळेतून येतो तो बशीरभाई दारात. बातमी भिंगारपर्यंत पोचली होती. ते मधल्या खोलीत आले. दिव्याच्या खाली बरोबर गोल, चार बोटं खोल असं आळं पडलं होतं, आणि त्यात राधाक्कांचं पाणी अजून थोडं होतं. बशीरभाईंनी वाकून त्यात बोट बुडवून पाहिलं.

“मास्तर,” ते म्हणाले, “गालिचा कुटं हाय?”

मी पत्र्याकडे पाहिलं.

“अन् फरशी?”

मी तिथेच पाहत राहिलो. बशीरभाई काही लागट बोलले असते तर बरं वाटलं असतं, पण ते नुसते हळहळले. स्वयंपाकघराच्या दारातून इंदू म्हणाली, “बशीरभाई, जुनी फरशी मिळेल का हो कुठे? स्वस्तात?”

“कुटं म्हंजे? माज्याचकडं हाय की, वहिनी! साहेबाच्या पागेतली शहाबादी. दाराशी थप्पी लावलीया. मास्तर तास-दीड तास बसलं हुतं की तिच्यावर!”

माझा हात आपसूक खिशाकडे गेला.

“रुमाल अजून तितंच हाय त्यांचा,” बशीरभाई म्हणाले.

इंदूने माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत तिने माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं, आणि तिने पुन्हा तसं पाहावं अशी माझी इच्छा नाही. बशीरभाई भला माणूस. त्यांनी यंत्र परत नेलं आणि त्याच्या बदल्यात मधल्या खोलीपुरती फरशी घालून दिली. वर एक पैसा घेतला नाही. रुमालही धुऊन आणून दिला. फरशीचे कोपरे उडालेले होते, काही तुकड्यांवर साहेबाच्या घोड्यांच्या नालांचे ओरखडे होते. पण खाली माती राहिली नाही. त्या वर्षी हिवाळ्यात इंदूला दोनदाच उबळ आली. मी मोजून ठेवलं होतं.

डॉक्टरांचा हुकूम मात्र कायम होता. केरसुणी तिच्या हातात द्यायची नाही. मग मी दारं सताड उघडी टाकून, पाण्याचा हबका मारून, केर काढायला लागलो. आता लपवायचं कोणापासून? अख्ख्या नगराला ठाऊक झालं होतं. एकदा तर हेडमास्तर आले, मी केर काढत होतो, तसाच त्यांना “पाय वर घ्या” म्हणालो. त्यांनी घेतले.

पुढे एकदा राधाक्कांची थोरली बहीण शेवगावहून आली. यंत्राची कीर्ती तिकडेही गेली होती, पण परत दिल्याची बातमी पोचली नव्हती. बाई थेट आमच्या पडवीत येऊन उभी राहिली. आत मी वाकून केर काढत होतो.

“मास्तरीनबाई, तुमच्याकडं केर काढायचं यंत्र हाय म्हनं. दावा की जरा!”

“ते काय, चालू आहे,” इंदू म्हणाली, आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

म्हातारीने मला नीट न्याहाळलं. “बरं हाय की. केवड्याला पडलं?”

“आमच्या वडिलांनी घेऊन दिलंय. चारशे रुपये हुंडा आणि मानपान वेगळा,” इंदू म्हणाली. “काम बरं करतं. आवाज तेवढा फार.”

मी आवाज केला नाही. दाराजवळचा कोपरा राहिला होता.